अडॉल्फ सॅक्स

पलटणीचा बँड रस्त्याने जाऊ लागला म्हणजे मुलांचे पाय आपोआप त्याच्यामागे वळतात. ढोलांचा ठेका लांबून ऐकू येतो. परंतु त्या ठेक्यावरचा सूर गोड लागणार की कर्कश, भरीव वाटणार की विरळ, हे बँडमध्ये कोणती पितळी वाद्ये घेतली आहेत यावर अवलंबून असते. या एका प्रश्नापायी अडॉल्फ सॅक्सने आपले सारे आयुष्य वेचले.

आजच्या बेल्जियम देशात म्यूज नदीच्या काठी दिनाँ नावाचे गाव आहे. तांब्यापितळेच्या कामाबद्दल त्याची ख्याती फार जुनी. तेथे 6 नोव्हेंबर 1814 रोजी अडॉल्फचा जन्म झाला. त्याचे खरे नाव आंत्वान जोझेफ. पण लोक त्याला अडॉल्फ म्हणत व तेच नाव पुढे रूढ झाले. त्याचे वडील वाद्ये तयार करीत. लवकरच हे कुटुंब ब्रसेल्स शहरात येऊन राहिले. अडॉल्फचे बालपण मोठे विलक्षण होते. तो उंच जिन्यावरून पडला, दूध समजून तेजाब प्याला, बंदुकीच्या दारूने भाजला आणि एकदा तर नदीत वाहून जाता जाता वाचला, असे सांगतात. हा मुलगा जगणार नाही, असेच शेजाऱ्यांना वाटे. तो मात्र प्रत्येक संकटातून उठे आणि पुन्हा वडिलांच्या कारखान्यात जाऊन बसे.

तेथे तो पितळेचा पत्रा वाकविण्यास शिकला, तसाच ब्रसेल्सच्या संगीतशाळेत बासरी व क्लॅरिनेट वाजविण्यासही शिकला. हात कारागिराचे आणि कान वादकाचा, असा हा दुर्मीळ योग होता. वाद्याचा एखादा सूर बेसूर निघाला, तर त्याचे कारण वादकाच्या ओठांत आहे की नळीच्या घडणीत, हे त्याला चटकन उमजे. 1838 मध्ये त्याने खर्जातील क्लॅरिनेट सुधारून त्याचे हक्क मिळविले. पुढे 1842 मध्ये तो पॅरिसला आला. तेव्हा त्याच्यापाशी पैसा नव्हता, पण बेर्लिओझ या थोर संगीतकाराने वृत्तपत्रात त्याच्या वाद्यांची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि त्याचे नाव शहरभर झाले.

त्या काळी फ्रान्सच्या लष्करी बँडची अवस्था चांगली नव्हती. ओबो व बसून यांसारखी नाजूक वाद्ये दिवाणखान्यात शोभतात. उघड्या मैदानावर त्यांचा आवाज वाऱ्यात विरून जाई. तुतारीसारख्या वाद्यांची नळी बराच भाग सारख्या जाडीची असते, म्हणून त्यांचा स्वर तीक्ष्ण व झगझगीत निघतो. निरनिराळ्या घडणीची अशी वाद्ये एकत्र वाजली, की प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा ऐकू येई. सर्वांचा मिळून एक आवाज होत नसे.

सॅक्सने यावर जो उपाय काढला, तो साधा पण मार्मिक होता. त्याने एकाच घडणीच्या वाद्यांचे कुटुंबच निर्माण केले. त्यांची नळी मुखाकडून कर्ण्याकडे शंकूसारखी हळूहळू रुंद होत जाते, त्यामुळे स्वर मृदू व भरदार येतो. कळ दाबली की नळीची लांबी वाढते आणि स्वर उतरतो. या कळा जर्मनीत आधीच निघाल्या होत्या. त्या सॅक्सच्या नव्हेत. परंतु तार सप्तकातील लहान वाद्यापासून खर्जातील अजस्र वाद्यापर्यंत एकच जात आणि बोटांची एकच रीत, ही योजना त्याची. एक वाद्य येणाऱ्या शिपायाच्या हाती दुसरे दिले, तरी त्याचे अडत नसे. या वाद्यांना सॅक्सहॉर्न हे नाव मिळाले.

जुन्या पद्धतीच्या अभिमान्यांना हे रुचले नाही. अखेर 22 एप्रिल 1845 रोजी पॅरिसच्या शाँ द मार्स या विस्तीर्ण मैदानावर उघड सामना ठरला. एका बाजूस लष्करी संगीतशाळेचा प्रमुख काराफा याचे जुन्या वाद्यांचे 45 जणांचे पथक. दुसऱ्या बाजूस सॅक्सचे. सॅक्सचे सात वादक ऐन वेळी आलेच नाहीत, असे म्हणतात. तो उरलेल्या 38 जणांनिशी उभा राहिला. हजारो लोक जमले होते. दोन्ही पथके पाळीपाळीने वाजू लागली. माणसे कमी असूनही सॅक्सच्या पथकाचा घनदाट, एकसंध नाद मैदानाच्या पार टोकापर्यंत पोचला आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्याच वर्षी सरकारने लष्करी बँडची पुनर्रचना करून त्यांत सॅक्सच्या वाद्यांना स्थान दिले. डिस्टिन नावाच्या वादक कुटुंबाने हीच वाद्ये इंग्लंडमध्ये नेली व तेथील कामगारवस्त्यांतील बँडमध्येही ती लवकरच घुमू लागली.

1846 मध्ये त्याने सॅक्सोफोनचे हक्क मिळविले. हे वाद्य पितळेचे खरे, पण त्याच्या मुखाशी वेताची पत्ती असते. म्हणून जाणकार त्याची गणना काष्ठवाद्यांत करतात. ही गंमत पुष्कळांना ठाऊक नसते.

सॅक्सचा विजय त्याला सुखाचा झाला नाही. पॅरिसमधील इतर वाद्यकारांचा धंदा बुडू लागला होता. त्यांचा राग अगदीच अकारण होता, असे म्हणता येत नाही. त्यांनी एकजूट करून त्याच्या हक्कांविरुद्ध दावे लावले व ते वर्षानुवर्षे चालले. बहुतेक दावे त्याने जिंकले, पण त्यांत पैसा पाण्यासारखा गेला. 1848 मध्ये राज्यक्रांती झाली आणि नव्या सरकारने त्याची बँडरचना रद्द केली. काही वर्षांनी ती पुन्हा चालू झाली. 1852 मध्ये त्याचे पहिले दिवाळे निघाले. त्यातच त्याच्या ओठावर गाठ झाली. ज्या ओठांनी वाद्य पारखायचे, त्यांवरच हा घाला! 1859 च्या सुमारास तो त्या दुखण्यातून बरा झाला.

1857 मध्ये पॅरिसच्या संगीतविद्यालयाने त्याला सॅक्सोफोन शिकविण्यास नेमले. 1870 च्या युद्धाबरोबर तो वर्गही बंद पडला. 1873 आणि 1877 मध्ये त्याचे आणखी दोनदा दिवाळे निघाले. देशोदेशींची शेकडो वाद्ये त्याने मोठ्या हौसेने जमविली होती. ती अखेरच्या दिवाळ्यात लिलावात विकली गेली आणि ठिकठिकाणी पांगली.

1894 च्या फेब्रुवारीत पॅरिस येथे सॅक्स वारला. माँमार्त्रच्या दफनभूमीत त्याची समाधी आहे. पुढे अमेरिकेत ढोल आणि बिगुल यांची संचलन पथके निघाली. त्यांतही तार स्वराच्या लहान बिगुलापासून खांद्यावर तोलून धरायच्या खर्जाच्या बिगुलापर्यंत सारी वाद्ये एकाच कुटुंबातील घेण्याची पद्धत पडली.