आठवणींना वाट करून देणारा डॉक्टर

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या अनेक सैनिकांच्या अंगावर जखम नव्हती, तरी ते थरथरत, अडखळत बोलत, रात्री किंचाळत उठत. या विकाराला ‘शेल शॉक’ म्हणत. कुणी त्यांना भित्रे ठरवी, कुणी झाले ते विसरायला सांगे. ब्रिटिश डॉक्टर विल्यम रिव्हर्स यांनी वेगळी वाट धरली.

१८६४ मध्ये केंट परगण्यात जन्मलेले रिव्हर्स मज्जासंस्थेचे अभ्यासक होते, तसेच मानववंशशास्त्रज्ञही. निलगिरीतील तोडा जमातीवरचा त्यांचा ग्रंथ १९०६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९१६ मध्ये ते एडिंबराच्या क्रेगलॉकहार्ट लष्करी रुग्णालयात रुजू झाले.

तेथील एका अधिकाऱ्याने मित्राच्या देहाच्या चिंधड्या पाहिल्या होत्या. तेच दृश्य स्वप्नात येई. देहाची ती अवस्था पाहता मृत्यू क्षणात आला, मित्राला यातना झाल्या नसणार, हे रिव्हर्सनी त्याच्या लक्षात आणून दिले आणि आठवण दाबू नये असे सुचवले. पुढे तेच स्वप्न पुन्हा पडले, पण या वेळी तो भीतीने नव्हे, तर मित्राच्या दुःखाने रडत जागा झाला.

सर्वांना हा उपाय लागू पडला नाही. दुसऱ्या एका अधिकाऱ्याच्या आठवणीत दिलासा देणारे काहीच सापडेना. त्याला अखेर सैन्य सोडावे लागले. हे अपयशही रिव्हर्सनी १९१८ च्या ‘लॅन्सेट’मधील लेखात नोंदवले.

तोच उपचार एकाला लागू पडतो, दुसऱ्याला नाही, असे का? आज या विकाराला ‘पीटीएसडी’ म्हणतात. मेंदूतील अमिग्डाला धोक्याची घंटा वाजवतो, हिप्पोकॅम्पस आठवणीला स्थळकाळाची जोड देतो, तर कपाळामागचा भाग भीतीला लगाम घालतो. हिप्पोकॅम्पस आकाराने मोठा असलेल्यांना आठवणीला सामोरे जाण्याच्या उपचाराचा अधिक लाभ होतो, असे काही छोट्या अभ्यासांत दिसले. मात्र एमआरआय पाहून उपचार ठरवण्याइतका हा पुरावा भक्कम नाही. हिप्पोकॅम्पस लहान म्हणून उपचार नाकारणे तर चूकच.

बऱ्या झालेल्या अधिकाऱ्यांना पुन्हा रणांगणावर धाडणे हेही रिव्हर्स यांच्याच कामात मोडे आणि त्याची बोच त्यांना होती. १९२२ मध्ये, ५८ व्या वर्षी, हर्नियाला पीळ बसून त्यांचे निधन झाले.

अपघात, अत्याचार वा आपत्तीनंतर महिना उलटूनही दुःस्वप्ने आणि दचकणे थांबत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. हा भित्रेपणा नव्हे, आजार आहे.