एकेचाळीस तासांचा माणूस : हर्मन बूल

१९५३ म्हटलं की आपल्याला तेनसिंग आणि हिलरी आठवतात. शाळेत जनरल नॉलेजच्या पुस्तकातून मीही तेवढंच पाठ केलं होतं. पण एव्हरेस्टनंतर पाचच आठवड्यांनी, ३ जुलै १९५३ रोजी, एक माणूस नंगा पर्वताच्या ८,१२६ मीटर उंच माथ्यावर पोहोचला. तोही एकटा आणि ऑक्सिजनच्या सिलिंडरशिवाय! त्याचं नाव हर्मन बूल.

बूलचा जन्म १९२४ साली ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकचा. आई लहानपणीच गेली, काही वर्षं अनाथाश्रमात काढली. तब्येत नाजूक, पण दारातच आल्प्स उभे. पोरगा कडे चढायला लागला आणि मग थांबलाच नाही. मध्येच महायुद्ध आलं, सैन्यात जावं लागलं. परतल्यावर तो माउंटन गाइड झाला. खिसा कायम रिकामा! १९५२ मध्ये पित्झ बदिलेची ईशान्य भिंत चढायला हा पठ्ठ्या सायकलने गेला. भिंत एकट्याने चढला आणि घरी परतताना पेंगून सायकलसकट इन नदीत पडला.

नंगा पर्वताने तोपर्यंत ३१ जीव घेतले होते. १९५३ च्या मोहिमेत खालून आदेश आला, परत या. वरच्या कॅम्पमधल्या मंडळींनी तो मानला नाही. रात्री अडीचच्या सुमारास बूल सुमारे ६,९०० मीटरवरून निघाला. जोडीदार मागे पडला. ओझं नको म्हणून बूलने वाटेत सॅकही ठेवून दिली. संध्याकाळी सातला माथा गाठला. आपली आइस ॲक्स तिथेच रोवून तो उतरायला लागला आणि अंधार झाला. एका बुटाचा क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे खिळे, निसटून गेला. मग आठ हजार मीटरच्या आसपास एका चिंचोळ्या कपारीवर त्याने अख्खी रात्र उभ्याने काढली. स्लीपिंग बॅग नाही, तंबू नाही. दुसऱ्या दिवशी आपल्याबरोबर कुणीतरी चालतंय असा भास त्याला होत राहिला. जवळजवळ ४१ तासांनी तो कॅम्पवर पोहोचला. तेव्हाचा त्याचा फोटो प्रसिद्ध आहे. वय २८, पण चेहरा म्हाताऱ्याचा.

आता हे शौर्य की वेडेपणा? आपण वर्गात फॅक्टर ऑफ सेफ्टी शिकतो. माझ्या मते बूलचा त्या रात्री जेमतेम एक होता. वारा पडलेला होता म्हणून तो वाचला. वारा सुटला असता तर त्याची सगळी ताकद आणि जिद्द वाया गेली असती. आपल्या होस्टेलवर भर पावसात एकट्याने गडावर जायच्या गप्पा मारणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. बूलच्या मागे आल्प्समधली कितीतरी वर्षांची तयारी होती, तरीही शेवटी नशीब लागलंच.

१९५७ च्या जूनमध्ये चौघांनी मिळून ब्रॉड पीक पहिल्यांदा सर केलं. उंचावर हमाल नाहीत, ऑक्सिजन नाही. बूल त्यातला एक. आठ हजार मीटरवरची दोन शिखरं पहिल्यांदा चढणारा तो पहिलाच. त्यानंतर अठराच दिवसांनी, २७ जूनला, तो आणि कुर्ट डीमबर्गर चोगोलिसावर होते. वादळ आलं, दोघं मागे फिरले, दोराने बांधलेले नव्हते. धुक्यात बूलची वाट थोडी चुकली आणि कड्याबाहेर लोंबणारा बर्फाचा छज्जा त्याच्या पायाखाली तुटला. देह कधीच मिळाला नाही.

पण त्याची पद्धत उरली. कमी माणसं, कमी सामान, स्वतःच्या दमावर चढाई. १९७८ मध्ये राइनहोल्ड मेसनर नंगा पर्वत पायथ्यापासून एकट्याने चढला, तो याच वाटेचा पुढचा टप्पा. आणि माथ्यावर ठेवलेली ती आइस ॲक्स? १९९९ मध्ये जपानी गिर्यारोहकांना ती सापडली. ४६ वर्षं ती तिथेच होती.

मला बूल आवडतो. पण ट्रेकला जाताना मी दोर घेऊन जाईन, आणि तुम्हीही घ्या.