चार्ल्स बर्न : उंचीची किंमत

उंच माणूस रस्त्याने निघाला की आपण सहज मान वळवून पाहतो. पण नुसते पाहण्यासाठी लोकांनी पैसे मोजावेत आणि मरणानंतरही हे पाहणे संपू नये, असे नशीब चार्ल्स बर्नच्या वाट्याला आले.

चार्ल्सचा जन्म १७६१ साली आयर्लंडच्या उत्तर भागातील लिटलब्रिज या खेड्यात झाला. पोरगा वाढू लागला तो थांबेचना. १७८२ साली तो लंडनला आला. जाहिरातीत त्याची उंची आठ फुटांहून अधिक सांगत. सांगाड्याच्या मापाने ती सुमारे ७ फूट ७ इंच भरली. पण तीही काय थोडी झाली? अडीच शिलिंग देऊन बडे बडे लोक या 'आयरिश राक्षसा'ला पाहायला येत. हा राक्षस स्वभावाने मात्र गरीब होता.

नवलाई ओसरली तशी गर्दीही ओसरली. प्रकृती ढासळत होती, दारू वाढत होती. १७८३ साली खिशातील सुमारे ७०० पौंडांच्या नोटा चोरीला गेल्या. साठवलेली पुंजी एका रात्रीत नाहीशी झाली! त्याच वर्षी १ जूनला, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याने प्राण सोडला.

जॉन हंटर या नामांकित शल्यवैद्याचा आपल्या देहावर डोळा आहे, हे चार्ल्सला ठाऊक होते. म्हणून शिशाच्या पेटीत घालून आपल्याला समुद्रात सोडावे, असे त्याने मित्रांना बजावून ठेवले होते. मित्रांनी पेटी समुद्राकडे नेलीही. पण आतला देह वाटेतच लंपास झाला होता. हंटरने त्यासाठी ५०० पौंड मोजल्याचे सांगतात. पुढे हंटरच्या मृत्यूनंतर, १७९९ साली, सरकारने त्याचा सगळा संग्रह १५,००० पौंडांना विकत घेतला आणि चार्ल्सचा सांगाडा लंडनच्या शल्यवैद्यांच्या संग्रहालयात काचेआड उभा राहिला. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी खरेदी-विक्रीचे नियम पाठ करतो. पण या व्यवहारात ज्याचा माल, त्याचीच संमती नव्हती!

१९०९ साली हार्वे कुशिंग या अमेरिकन शल्यवैद्याने ती कवटी उघडून पाहिली. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. ती जिथे बसते तो हाडाचा खळगा बराच मोठा झालेला आढळला. म्हणजे तिथे गाठ होती, आणि तीतून वाढीचे संप्रेरक बेसुमार स्रवत होते. असे लहानपणी घडले तर माणूस ताडमाड वाढतो. हाडांची वाढ पुरी झाल्यावर घडले तर हात, पाय आणि जबडा रुंदावतात.

वाढ केवळ बाहेरच होते असे नाही. या संप्रेरकामुळे यकृतातून आयजीएफ-१ नावाचे दुसरे द्रव्य जास्त तयार होते आणि ते पेशींना वाढण्याचा हुकूम देत राहते. मोठे आतडे लांबते, त्याच्या आतल्या अस्तरावर पॉलिप नावाचे मोड अधिक येतात. त्यातला एखादा वर्षानुवर्षांनी कर्करोगाचे रूप घेऊ शकतो. म्हणूनच अशा रुग्णांच्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करावी असे तज्ज्ञ सांगतात. ब्रिटनमध्ये ती चाळिशीला करण्याची शिफारस आहे. मोड वेळीच दिसला तर त्याच दुर्बिणीतून काढून टाकता येतो. पीयूषिकेतील गाठही आज नाकावाटे शस्त्रक्रिया करून काढतात. चार्ल्सने चाळिशी सोडाच, पंचविशीही पाहिली नाही.

२०११ साली त्याच्या दातांतून काढलेल्या जनुकद्रव्यात एआयपी या जनुकातील दोष सापडला. तोच दोष त्याच्या मुलखातील आजच्या काही कुटुंबांतही आढळला. त्यामुळे तिथल्या मुलांची तपासणी करून, उंची हाताबाहेर जाण्याआधीच उपचार करणे शक्य झाले आहे.

म्हणजे चार्ल्सच्या हाडांनी जगावर उपकार केले, हे खरे. पण उपकार झाले म्हणून चोरी पुण्य ठरते काय? जानेवारी २०२३ मध्ये त्या संग्रहालयाने सांगाडा यापुढे प्रदर्शनात न मांडण्याचे ठरवले. संशोधनासाठी मात्र तो ठेवून घेतला. लोकांच्या नजरेतून चार्ल्स सुटला. त्याने मागितलेला समुद्र मात्र त्या निर्णयानेही त्याला दिला नाही.