रखमाबाईंच्या दवाखान्यातली शेळी

वसई रोड स्टेशनवरून सुरतेकडची गाडी धडधडत निघून जाते, तेव्हा हल्ली मला हमखास रखमाबाई आठवतात. याच मार्गाने त्या सुरतेला गेल्या असणार, बायकांच्या दवाखान्याची जबाबदारी घ्यायला. पण त्या आठवायला निमित्त झालं ते आमच्या एव्हरशाईन सिटीतल्याच एका रात्रीचं.

आमच्या महिला मंडळातल्या एका ताईंच्या सुनेला बाळंतपणासाठी जवळच्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून सोबतीला मी गेले. रात्री दोनच्या सुमारास सलाइन संपत आलं. बेल वाजवली तर जी मुलगी धावत आली, ती संध्याकाळी काउंटरवर पैसे घेणारी! अंगावर आता पांढरा कोट. कुठे शिकलीस गं, असं सहज विचारलं, तर कळलं की बारावी झालीय आणि इथंच बघून बघून शिकली. डॉक्टर घरी झोपलेले. देवाच्या कृपेने पहाटे सगळं सुखरूप झालं, मुलगी झाली, पेढेही वाटले. पण त्या दोन तासांत माझ्या पोटात जो गोळा आला होता, तो काही मी विसरलेले नाही. त्या पोरीवर मी चिडले नाही. तिला रात्रभर एकटं ठेवणाऱ्यांवर चिडले. आणि खरं सांगायचं तर स्वतःवरही. साडी घेताना पदर दोनदा उलटून बघणारी मी, इथं जिन्यावरून थेट वर चढले, एक प्रश्न न विचारता.

रखमाबाईंच्या काळी बरोबर उलटं होतं. बायका दवाखान्याची पायरीच चढत नव्हत्या.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा, मुंबईचा. वडील जनार्दन पांडुरंग त्या लहान असतानाच गेले. आई जयंतीबाई तेव्हा अगदीच कोवळ्या वयाच्या. त्यांच्या सुतार समाजात विधवेला पुन्हा लग्न करता येत होतं. काही वर्षांनी जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. हे गृहस्थ ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत. सावत्र बाप म्हटलं की आपल्या मनात एक चित्र येतं, पण या बापाने मुलीच्या हातात पुस्तकं दिली. तरी रिवाजाप्रमाणे अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी नावाच्या एकोणीस वर्षांच्या मुलाशी तिचं लग्न लावलंच. ती मात्र नांदायला गेली नाही. माहेरीच राहिली, घरी वाचत राहिली.

१८८४ मध्ये दादाजींनी बायको ताब्यात मिळावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. पुढची हकिगत तुमच्यापैकी पुष्कळजणींनी वाचली असेल, काहींनी सिनेमाही बघितला असेल, म्हणून थोडक्यात सांगते. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपील झालं, पारडं फिरलं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. बाईंनी तुरुंग कबूल केला! सगळीकडे गहजब झाला. ‘केसरी’ त्यांच्या विरोधात लिहीत होता. पाठीशी उभं राहायला सखाराम अर्जुनही उरले नव्हते, ते १८८५ मध्येच वारले. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला आणि प्रकरण मिटलं.

मला यापुढची रखमाबाई जास्त जवळची वाटते. पण तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना धीर दिला. स्वतः पीचीबाई एडिंबराला वैद्यक शिकायला भांडून गेलेल्या, त्यामुळे दुखणं त्यांना कळत होतं. वर्गणी जमली आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाल्या. १८९४ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. आपल्या आनंदीबाई जोशींना पदवी मिळूनही काम करायला आयुष्य पुरलं नाही. रखमाबाईंनी मात्र पस्तीसेक वर्षं नोकरी केली. काम करणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टरांपैकी त्या एक.

त्या शिकत होत्या तो काळही लक्षात घ्यायला हवा. बाळंतपणानंतरच्या तापाने, म्हणजे सूतिकाज्वराने, जगभर बायका पटापट मरत. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या डॉ. सेमेलवाइस यांनी दाखवून दिलं होतं की हा ताप डॉक्टरांच्याच न धुतलेल्या हातांतून येतो. त्यांचं कुणी ऐकलं नाही. १८६७ मध्ये लिस्टर यांनी कार्बोलिक ॲसिडने जखमा आणि हत्यारं स्वच्छ ठेवायची पद्धत मांडली आणि हळूहळू सगळे हात धुऊ लागले. रखमाबाई शिकल्या त्या या नव्या शिस्तीत. आणि आल्या कुठे? जिथं बाळंतिणीची खोली म्हणजे घरातली सर्वांत अंधारी, कोंदट खोली, खिडकी बंद, आत शेगडीचा धूर, अंथरायला जुनेर. नाळ कापायला सुईण काय वापरेल तिचं तिलाच ठाऊक.

१८९५ पासून त्या सुरतेच्या दवाखान्यात काम करू लागल्या. बाईच डॉक्टर आहे म्हटल्यावर बायका येतील असं आपल्याला वाटेल, पण बाळंतपणाला कुणी येईना. दवाखान्यात गेलेली बाई परत येत नाही हीच समजूत. तेव्हा रखमाबाईंनी काय केलं असेल? असं सांगतात की त्यांनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणून ठेवली. शेळी तिथंच व्याली, आई-पिल्लू दोन्ही ठणठणीत, आणि ते बायकांनी डोळ्यांनी बघितलं. मग एकेक करून बायका येऊ लागल्या.

ही गोष्ट ऐकून आधी हसू येतं. मलाही आलं. पण बघा ना, विलायतेहून पदवी घेऊन आलेली ही बाई, तिने त्या अडाणी बायकांना मूर्ख ठरवलं नाही. त्यांची भीती खरी मानली. इथं जीव सुरक्षित राहतो हे दाखवून देणं आपलं काम आहे, असं तिने धरलं.

सुमारे बावीस वर्षं त्या सुरतेत होत्या. मधे प्लेग आला, दुष्काळ आला. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा ज्याच्याबरोबर कधी नांदल्या नाहीत त्याच्यासाठी त्यांनी विधवेची पांढरी साडी नेसली. हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही. पुढे राजकोटला बायकांच्या रुग्णालयाच्या प्रमुख झाल्या. १९२९ मध्ये पडदा पद्धत जावी म्हणून पुस्तिका लिहिली. निवृत्तीनंतर मुंबईला आल्या आणि २५ सप्टेंबर १९५५ ला, नव्वदी ओलांडून, गेल्या.

आज महाराष्ट्रात बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. आता शेळी बांधायची गरज कुणालाच उरली नाही, आणि तिथंच आपण गाफील झालो. कायदा आहे की. १९४९ पासून शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा आहे. नोंदणीचं प्रमाणपत्र सहज दिसेल असं लावायचं, प्रसूतिगृहात शिकलेली सुईण हवी, हे त्यात आहे. २०२१ च्या नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनदही लावायला सांगितली आहे. त्याच वर्षी, २३ एप्रिलच्या पहाटे, आपल्या विरारला एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. तेराहून जास्त रुग्ण गेले. ती पहाट इथलं कुणी विसरलेलं नाही.

परवा मंडळातल्या दुसऱ्या एकीच्या मुलीला सातवा लागला. आम्ही चौघीजणी आधीच नर्सिंग होम बघायला गेलो. प्रमाणपत्राची मुदत वाचली. रात्री कोण असतं ते विचारलं. डॉक्टरीणबाई जरा चपापल्या, मग त्यांनी रात्रपाळीच्या सिस्टरना बोलावून परिचर्या परिषदेची नोंदणी दाखवली. मागचा जिना बघितला, तर तिथं जुन्या गाद्यांची थप्पी आणि एक मोडका स्ट्रेचर! माणूस तिरका होऊनच उतरेल. आम्ही तसं सांगितलं. त्यांनी चहा मागवला. आठ दिवसांनी मुलगी तपासणीला गेली तेव्हा तिला मुद्दाम जिना बघायला लावला. गाद्या गेल्या होत्या. स्ट्रेचर अजून तिथंच आहे, पुढच्या मंगळवारी पुन्हा जाणार आहोत.