आधी मंडळी, मग मंदिर

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम या गावाच्या नावातच पापाचा नाश आहे. परंतु केवळ नावाने जीवन पालटत नाही. सार्दीसच्या मंडळीचेही ‘जिवंत’ असे नाव होतेच.

याच तंजावरच्या भूमीतील क्लॅरिंडा ही मराठी ब्राह्मण विधवा. एका इंग्रज अधिकाऱ्याच्या सहवासात तिला ख्रिस्ताची ओळख झाली. विवाहाविना असलेल्या त्या संबंधामुळे मिशनरी श्वार्ट्झ यांनी तिला बाप्तिस्मा नाकारला. तरी तिने प्रभूला सोडले नाही. अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर, १७७८ मध्ये, तिरुनेलवेलीजवळील पाळैयंकोट्टै येथे त्याच श्वार्ट्झ यांनी तिला बाप्तिस्मा दिला. १७८० च्या नोंदवहीत तेथील मंडळीची ४० नावे आहेत. पहिले नाव तिचे. तिच्या पुढाकाराने उभारलेल्या मंदिराचे समर्पण मात्र १७८५ मध्ये झाले.

प्रिय वाचकहो, आपली मंडळी जिवंत आहे काय, हे इमारतीवरून कळत नाही. तेथे पापाला पाप म्हटले जाते काय? पश्चात्ताप करून आलेल्याचे नाव वहीत पहिले लिहिण्याइतके अंतःकरण विशाल आहे काय? जेथे ही दोन्ही लक्षणे आढळतील, तेथे आपण निःशंक मनाने मूळ धरावे.