न दिसणारा प्रकाश शोधणारा रिटर, आणि स्वस्त यूव्ही स्टरिलायझर

गडबमध्ये घरामागच्या छोट्या तळ्यातलं पाणी हिरवं झालं, की मोबाईलवर स्वस्त यूव्ही स्टरिलायझरचा शोध सुरू होतो. फोटोत निळा उजेड दिसला की वाटतं, हेच घेऊ. पण अतिनील प्रकाश डोळ्यांना दिसतच नाही. तो शोधला योहान विल्हेल्म रिटरने.

रिटरचा जन्म १७७६ चा, सायलेशियातला. १४ व्या वर्षी तो औषधांच्या दुकानात उमेदवारीला लागला. तिथे रसायनांची गोडी लागली आणि १७९६ मध्ये त्याने येना विद्यापीठ गाठलं.

१८०० मध्ये विल्यम हर्शेलला लाल रंगाच्या पलीकडे न दिसणारी उष्णता सापडली. मग जांभळ्याच्या पलीकडेही काहीतरी असणार, असं रिटरने धरलं. उजेडात काळं पडणारं सिल्व्हर क्लोराईड त्याने प्रिझमच्या रंगपट्ट्यात ठेवलं. जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं, तिथेच ते सगळ्यात लवकर काळं पडलं! साल होतं १८०१.

तो विजेच्याही मागे लागला होता. पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीचं सुरुवातीचं रूप त्याचंच. विजेचे झटके तो स्वतःच्या अंगावर घेऊन बघायचा. तब्येत ढासळली, पैसे संपले. १८१० मध्ये म्युनिकला तो वारला, वय अवघं ३३.

सूर्यप्रकाशाने जंतूंची वाढ थांबते, हे १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये दिसलं. १९९० च्या दशकात मुंबईत जन्मलेल्या अशोक गाडगीळ यांनी अतिनील दिव्यावर पिण्याचं पाणी निर्जंतुक करणारं कमी खर्चाचं यंत्र बनवलं.

म्हणून खरेदी करताना रिटरसारखं करा, डोळ्यांवर विसंबू नका. निळा उजेड साध्या एलईडीचाही असतो. यूव्ही-सी, २५४ नॅनोमीटर असं लिहिलंय का बघा. वॅट दिव्याचे की पंपाचे, ते विचारा. दिव्याभोवती क्वार्ट्झची नळी हवी, साधी काच हे किरण अडवते. पाणी फार जोरात गेलं तर जंतूंना पुरेसा डोस मिळत नाही. साधारण ८ ते ९ हजार तासांनी दिवा बदला. तो निळा दिसत राहतो, पण ताकद गेलेली असते. पेटलेल्या दिव्याकडे थेट बघू नका.

आणि हो, यूव्हीने अमोनिया जात नाही. त्यासाठी फिल्टर लागतोच.