हौज-ए-शम्सीचा निर्माता : सुलतान इल्तुतमिश

विद्यार्थी मित्रहो, दिल्लीला गेलात म्हणजे कुतुबमिनार पाहालच. पण जवळच मेहरौलीत एक जुना तलाव आहे, तोही अवश्य पाहा. त्याचे नाव हौज-ए-शम्सी. तो बांधणाऱ्या सुलतान शम्सुद्दीन इल्तुतमिशचे जीवन मोठे बोधप्रद आहे.

तुर्कांच्या इल्बारी टोळीतील एका प्रतिष्ठित घरात तो जन्मला. मुलगा देखणा आणि तल्लख बुद्धीचा होता. हेव्यापोटी भावांनीच त्याला गुलाम म्हणून विकले, असे इतिहासकार मिन्हाज सांगतो. बुखारा, गझनी असे करीत तो दिल्लीत आला. येथे कुतुबुद्दीन ऐबकने त्याला विकत घेतले. पुढे ग्वाल्हेर, बरन व बदायूँचा कारभार त्याने सांभाळला, दास्यातून मुक्तता मिळवली आणि १२११ साली तो दिल्लीच्या तख्तावर बसला.

मंगोलांच्या धाडींमुळे मध्य आशियातील विद्वान व कारागीर दिल्लीच्या आश्रयाला येत होते. वस्ती वाढली, पण यमुना दूर. तेव्हा १२३० च्या सुमारास सुलतानाने पावसाचे पाणी साठवणारा हा विस्तीर्ण तलाव बांधला. त्याची जागा पैगंबरसाहेबांनी स्वप्नात दाखवली, अशी आख्यायिका आहे. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूताने शहरातील लोकांना याच तलावाचे पाणी पिताना पाहिले. पाणी ओसरले की काठच्या जमिनीत ऊस, काकड्या व खरबुजे पिकत, हेही त्याने नोंदवले आहे.

मात्र तलाव एकदा बांधून भागत नाही. पुढे त्यात गाळ साचला, तो अल्लाउद्दीन खलजीने काढला. नंतर काही स्वार्थी लोकांनी पाणी येण्याचे मार्गच अडवले. फिरोजशहा तुघलकाने त्यांना शासन करून ते पुन्हा खुले केले.

पालकहो, या सुलतानाची आणखी एक गोष्ट ध्यानी घ्या. पुत्र असतानाही त्याने गुण पाहून कन्या रझियाला वारस ठरवले. १२३६ साली तो निवर्तला. सरदारांनी आधी पुत्राला गादीवर बसवले, पण त्याच वर्षी रझिया सुलतान झाली.

शाळा हाही एक तलावच आहे. पूर्वजांनी तो बांधून दिला. गाळ काढणे आणि पाण्याची वाट मुलामुलींसाठी मोकळी ठेवणे, हे काम आता तुमचे-आमचे आहे.